थप्पीला झाकण नाही

“वो लास्टवाली तो खाली खडी रहती है, मामा.”

लाकडी पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी टाइपरायटरवर एका दुकानदाराला पत्र टाइप करत होते. मी बोटं थांबवली नाहीत. थांबवली असती तर मी ऐकतेय हे पलीकडे कळलं असतं. उलट जरा जोरातच टाइप करायला लागले आणि ‘डिलिव्हरी’ या शब्दात एक एल जास्त पडला.

बोलणारा आमच्या शेठचा भाचा होता. ऐकणारे शेठ. आणि गोडाऊनच्या पार टोकाला जी नुसती उभी असते असं तो म्हणत होता, ती ‘लास्टवाली’ माझी आई होती.

त्याला हे माहीत नव्हतं. शेठनाही नव्हतं. ते उल्हासनगरला आपल्या दुकानात बसायचे आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या या गोडाऊनला आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे. गोडाऊनमधल्या बाकी सगळ्या बायकांना मात्र माहीत होतं, आणि त्यातली एकही कधी बोलली नाही. कारण आईनेच तसं ठरवून दिलं होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. भाचा शेठना सांगत होता, की दिवाळीचा माल एकदा निघून गेला की ज्यांचे डबे रिकामे आहेत त्यांना थांबवून टाकू. आईचा डबा रिकामाच होता. म्हणजे अगदी रिकामा नाही, त्यात बडीशेप होती. ते पुढे येईलच.

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. केमिकलची कंपनी होती, बाबा तिच्या लॅबमध्ये होते. कंपनी चांगली चालत होती तेव्हाच त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. बदलापूरला कुळगावात आमच्या आळीतून त्या शाळेची टाय लावून जाणारी मी एकटीच होते, त्यामुळे मान खाली घालून चालायची सवय फार लवकर लागली. मग कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. बाबा रोज गेटपाशी जाऊन बसायचे. काही महिन्यांनी जायचे थांबले.

आई तोपर्यंत नोकरीसाठी कधी घराबाहेर पडली नव्हती. एके दिवशी डब्यात पोळीभाजी बांधून ती कुठेतरी गेली आणि संध्याकाळी परत येऊन तिने एवढंच सांगितलं, की एका गोडाऊनला खोकी लावायचं काम मिळालंय. एका बंद कारखान्याची शेड शेठनी भाड्याने घेतली होती. आत कपबश्या, डिनर सेट, काचेच्या बरण्या आणि लेमन सेट. त्या वर्षांत लग्नात लेमन सेट मिळाला नाही असं घर आमच्याकडे नव्हतं. आमच्याच कपाटावर न उघडलेले दोन-तीन धूळ खात होते, आणि आई आता दिवसभर तेच रचायला जायची.

माझं बी.कॉम. झाल्यावर तिथल्या ऑफिसात पत्रं टाइप करायला आणि आलेला माल मोजून लिहायला मुलगी हवी होती. आईनेच मला नेलं, पण दारातून आत मी एकटीच गेले. आदल्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “तिथे मला आई म्हणायचं नाही. बायका म्हणतात तसं काकू म्हण.”

का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात ते काम बाबांचं होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं. बरेच दिवस मला वाटायचं, केबिनमध्ये बसणाऱ्या मुलीला आपली लाज वाटू नये म्हणून ती असं म्हणाली. नंतर वाटलं, आपली मुलगी केबिनमध्ये आहे म्हणून शेठनी आपल्याला सांभाळून घ्यावं, हे तिला नको असेल. दोन्ही खरं असेल. मी तिला काकू म्हणायला लागले. तेही क्वचितच, कारण मी बोलायचेच क्वचित.

माझं मराठी तेव्हा घरापुरतं होतं. ‘पाणी दे’, ‘मी आलेच’, ‘नको’ एवढ्यात भागणारं. गोडाऊनमधलं मराठी वेगळंच होतं. त्यात कुळगावच्या बायकांचं एक, जवळच्या सोनिवली गावातल्या बायकांचं दुसरं, आणि दुकानातून आलेल्या सिंधी माणसांचं हिंदी सगळीकडून मिसळलेलं. मी तोंड उघडलं की पुढची बाई कानाला हात लावून म्हणायची, “फोनवरनं बोलतेस काय गो?”

आकड्यांचं तर विचारू नका. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला आजही मनातल्या मनात उलटं चालत जाऊन शोधावं लागतं. पहिल्याच आठवड्यात एका गाडीतून एकोणसाठ खोकी उतरली आणि मी सिक्स्टी-नाइन लिहून मोकळी झाले. गाडीवाला हसून सही करायला निघाला होता. टोकाकडून आईचा आवाज आला, कोणाला उद्देशून नाही, हवेतच: “साठाला एक कमी बरं का, पोरींनो.” पोरी हसल्या. मी आकडा खोडला. त्या दिवसापासून प्रत्येक गाडीचा शेवटचा आकडा ती असाच हवेत सोडायची. सत्तरला दोन कमी. पन्नासवर चार. गाडीवाल्यांना वाटायचं काकूची ही एक लकब आहे.

आता त्यांची काम करायची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

गाडी दाराला पाठ लावून उभी राहायची. गाडीत दोन हमाल. दारापासून आतल्या भिंतीपर्यंत बायका हातभर अंतराने उभ्या राहायच्या आणि खोकं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचं. ही साखळी. शेवटची बाई ते थप्पीला लावायची. नियम एकच होता: घेणारीने ‘आलं’ म्हटल्याशिवाय देणारीने हात सोडायचा नाही. आत काच आहे, हात अर्धा क्षण आधी सुटला तरी संपलं.

हा नियम कोणी केला ते कोणालाच आठवत नव्हतं. सोनिवलीची एक उंच, वयाने मोठी बाई होती, तिला सगळ्या मोठी म्हणायच्या. ती सांगायची, खळ्यावर भाताचे भारे असेच हातोहात देत उडवी, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचतात, फक्त तिथे भारा फेकला तरी चालतो. इथे फेकता येत नाही म्हणून बोलायचं. त्यामुळे साखळी चालू असली की गोडाऊनभर ‘आलं, आलं, आलं’ असा आवाज दारातून निघून आतपर्यंत पळत जायचा, एका खोक्यामागे दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं. मध्येच कोणीतरी ओरडायची, “एवढं आलं आलं, पण चहा कुठाय?” हा विनोद रोज व्हायचा आणि रोज हसू यायचं.

शेवटचं ‘आलं’ आईचं. तिला सुरुवातीला टोकाला उभं केलं ते कौतुकाने नव्हे. मध्ये उभी राहिली की तिचा हात ओळीच्या तालात बसत नसे, खोकं अडायचं. मोठीने तिला दंडाला धरून टोकाला नेऊन ठेवलं: “काकू, तुमी भिंतीला धरून राहा, भिंत पडायची नाय.” पण टोकाला गेल्यावर आईला कळलं, की ओळीचा वेग गाडीतून ठरत नाही, टोकावरून ठरतो. तिचं ‘आलं’ लवकर आलं की मागच्या सगळ्या लवकर. ती अडखळली की सगळ्या अडखळल्या. मग तिने थप्पी लावायची आपली पद्धत बसवली. खालचा थर आडवा, वरचा उभा, विटांसारखा. नाव दिसेल असा खोक्याचा चेहरा बाहेर. आणि जुना माल काढता यावा म्हणून मध्ये एक माणूस जाईल एवढी बोळ मोकळी. आमच्या घरातली कपाटंही अशीच लागलेली असायची. मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी पाहिलं नव्हतं.

केबिनच्या काचेतून मला ती दिसायची. घरात जिचा आवाज स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येत नसे, ती तिथे हात वर करून सगळी ओळ थांबवायची. “थांबा गो, हे वाकडं बसलंय.” आणि ओळ थांबायची. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की मी टाइपरायटरवर मान घालून बसायचे, कोणाला चेहरा दिसू नये म्हणून.

भाचा त्या पावसाळ्यात आला. पुण्याला मॅनेजमेंटचा कोर्स केलेला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने बायकांच्या बाजूला पंखा लावून घेतला आणि पिण्याच्या पाण्याचा माठ बदलला. मला मॅडम म्हणायचा आणि इंग्रजीत बोलायचा, त्यामुळे मला त्याच्याशी बोलणं सोपं जायचं, हेही खरं. त्याचं म्हणणं होतं, साखळीत कोण काम करतं आणि कोण लटकतं हे कधीच कळत नाही. सगळ्यांना सारखी मजुरी, मग जास्त हात कोण चालवेल? कॉलेजच्या पुस्तकात पीस रेटचे फायदे-तोटे मी पाठ केले होते. परीक्षेत फायद्यांना जास्त जागा दिली होती. त्याचं मला पटलं.

त्याने उल्हासनगरहून बाटल्यांच्या रंगीत झाकणांचं एक पोतं आणलं. साखळी बंद. प्रत्येकीने गाडीपाशी जायचं, आपलं खोकं उचलायचं, थप्पीपाशी ठेवायचं आणि परत येताना एक झाकण घ्यायचं. प्रत्येकीला एक पत्र्याचा डबा दिला, त्यावर जिची तिची खूण. महिनाअखेर जिचा डबा सगळ्यात जास्त भरलेला, तिला प्रेशर कुकर. कुकर लाल फीत बांधून केबिनच्या फळीवर ठेवला होता, काचेतून सगळ्यांना दिसेल असा. काम करताना बोलायचं नाही, असंही त्याने सांगितलं. आता बोलायची गरजही नव्हती. खोकं कोणाच्या हातात द्यायचंच नव्हतं.

झाकणं वाटायला दाराशी स्टूल टाकून मला बसवलं.

पहिला आठवडा खरंच भराभर गेला. गाड्या लवकर रिकाम्या झाल्या. बायका शाळेच्या स्पर्धेत पळाव्यात तशा पळत होत्या, एकमेकींना खिजवत होत्या, डबे वाजवून दाखवत होत्या. कुळगावची एक सडपातळ, चपळ बाई सगळ्यांच्या पुढे असायची. महिन्याच्या शेवटी कुकर तिनेच नेला आणि त्यानंतर तिचं नावच कुकरवाली पडलं. भाचा खूश होता. मीही होते.

मग हळूहळू मला स्टुलावरून गोष्टी दिसायला लागल्या.

झाकण खोक्याला होतं, वजनाला नव्हतं. त्यामुळे गाडी उघडली की आधी लेमन सेट जायचे. ते हलके. कपबश्यांची जड खोकी गाडीतच राहायची, प्रत्येकीला वाटायचं दुसरी उचलेल. ती दुपारनंतर हमालांच्या गळ्यात पडायची आणि हमाल कुरकुर करत चहाला निघून जायचे. झाकण आत नेण्याला होतं, नीट लावण्याला नव्हतं. म्हणून खोकं दाराजवळ जिथे जागा मिळेल तिथे टेकवलं जायचं. आईची बोळ बुजली. जुना माल मागे अडकला, आणि एखाद्या दुकानदाराला तोच हवा असला तर पुढचा ढीग उपसावा लागायचा. उपसण्याला झाकण नव्हतं, त्यामुळे उपसायला कोणी नसायचं. मी भाच्याला एकदा इंग्रजीत हे सांगायला गेले, पण माझं वाक्य मध्येच संपलं आणि तो म्हणाला, सवय व्हायला वेळ लागतो, मॅडम.

आणि आवाज गेला. गोडाऊनमध्ये आता फक्त चपला ऐकू यायच्या.

सोनिवलीच्या दोन शेजारणींचं एका खोक्यावरून भांडण झालं. दोघींनी एकदम हात घातला होता. दुपारी जेवायला त्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मोठी मध्ये बसून दोघींना चटणी देत राहिली.

आई थप्पीपाशीच राहिली. बायका ठेवून जातील ते खोकं उचलून ती जागेवर लावायची, चेहरा बाहेर करायची, बोळ पुन्हा मोकळी करायचा प्रयत्न करायची. ती गाडीपाशी जात नव्हती, त्यामुळे तिला झाकण मिळत नव्हतं. पहिल्या काही दिवसांत बायकाच येता-जाता आपल्यातलं एखादं झाकण तिच्या डब्यात टाकायच्या. “काकूचा वाटा,” म्हणायच्या. भाच्याने ते पाहिलं आणि बंद केलं. दिलेलं झाकण धरलं तर मोजण्याला अर्थ काय, असं म्हणाला. त्याच्या नियमात ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी आईने डबा घरी आणला, घासला, त्यात बडीशेप भरली आणि जेवण झाल्यावर सगळ्यांपुढे फिरवला. भाच्यापुढेही. त्याने चिमूटभर घेतली.

आम्ही दोघी शेअर रिक्षाने बदलापूरला परत जायचो. वाटेतली पाण्याची मोठी पाइपलाइन ओलांडली की काकूची पुन्हा आई व्हायची. कधी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. एकदा मी तिला म्हटलं, की तूही दिवसातून थोडी खोकी आण, निदान डब्यात काहीतरी दिसेल.

“मी आणायला गेले तर थप्पी कोण बघेल?”

मी म्हटलं, आता थप्पी कोणीच बघत नाही.

“म्हणून तर.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, तिथे माझ्यासाठी काही बोलायचं नाही, कळलं? माझं मी बघेन. मी हो म्हटलं. घरी बाबांनी कुकर लावून ठेवलेला असायचा, आमचा जुनाच, शिट्टी गळणारा. आईचा आणि माझा, एवढाच पगार तेव्हा घरात येत होता, आणि तिचं काम सुटलं तर या वयात तिला दुसरं कोण घेणार, हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं. पण मला त्याहून जास्त एक भीती होती. ती पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराआड जाईल. हात वर करून ओळ थांबवणारी बाई मला पुन्हा दिसणार नाही.

तर दिवाळीआधीचा तो दिवस. दोन गाड्या एकदम आल्या होत्या. पहिली सकाळपासून दाराशी, अर्धी भरलेली, आत फक्त जड माल उरलेला. दुसरी तिच्या मागे रस्त्यावर, तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दुकानावरून डिनर सेटसाठी फोनवर फोन येत होते आणि डिनर सेट ढिगाच्या मागे कुठेतरी होते. शेठ स्वतः आले ते याच कारणाने. आणि भाचा त्यांना पार्टिशनपलीकडे सांगत होता, की पद्धत बरोबर आहे, माणसं बरोबर नाहीत. तेव्हाच ते वाक्य आलं, लास्टवालीचं.

पत्र तसंच राहिलं. भाच्याने मला हाक मारली. मी आत जाऊन उभी राहिले.

“मॅडम, वो लास्टवाली का नाम क्या है? दिवाली के बाद जिनको रोकना है, उसमें पहला वही लिखना.”

मला नाव माहीत होतं. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर मी ते लिहिलं होतं. मी ते सांगितलं नाही. मी म्हटलं, “थप्पीला झाकण नाही, सर.”

त्याला ऐकू गेलं नाही. शेठ खुर्चीत पुढे सरकले. “जरा जोर से, बेटा. पंखा चालू आहे.”

मी पुन्हा म्हटलं. मग मात्र थांबता येईना. कुठल्या भाषेत बोलले ते मला आज सांगता येणार नाही, तिन्ही असतील. झाकण नेणाऱ्या पायांना आहे, लावणाऱ्या हातांना नाही, म्हणून कोणी लावत नाही. हलकं आणि जड एकच धरलंय, म्हणून जड गाडीत बसलंय. आधी एकीने ‘आलं’ म्हटल्याशिवाय दुसरी सोडत नव्हती, आता कोणाला कोणासाठी थांबायचं कारणच नाही. शेवटची बाई कोणीही असो, ती उभी असायची म्हणून आधी बाकीच्या चालू शकत होत्या. यात मी आईसाठी एक शब्द बोलले नाही. दिलेलं वचन मी मोडलं नव्हतं, हे मला बोलता बोलताच कळत होतं आणि त्याने धीर येत होता.

भाच्याचा चेहरा लाल झाला होता. एवढंच म्हणाला, पहिल्या आठवड्यात काम वाढलं होतं, हे मॅडमनीच लिहिलंय. ते खरं होतं. मी म्हटलं, हो, वाढलं होतं.

शेठ उठून केबिनच्या दारात गेले. काचेआडून नाही, दारातून बघितलं. दाराजवळची खोकी लग्न उरकल्यावर कार्यालयात पडलेल्या पाटांसारखी कशीही पडली होती. आणि पार मागे, भिंतीपाशी, आईच्या हाताखालचा एक कोपरा तेवढा सरळ उभा होता. शेठ त्या कोपऱ्याकडे बघत होते.

“हमारे यहाँ पापड बनते थे,” ते म्हणाले. “निर्वासितांच्या कॅम्पात. आई, मावश्या, सगळ्या. एक लाटणार, एक वाळवणार, एक बांधणार. किसने कितना बेला, कभी गिना नहीं.” मग भाच्याकडे वळून म्हणाले, “पण ते घर होतं. हे गोडाऊन आहे. गिनना तो पडेगा.” आणि मग माझ्याकडे: “एक गाडी. पुरानी स्टाइल से एक गाडी खाली करके दिखाओ. पण सगळ्या तर इकडे-तिकडे झाल्यात. लाइन लावणार कोण?”

त्या गाडीचं काय झालं ते सांगून टाकते. दुपारच्या चहाला ती रिकामी उभी होती आणि हमाल तिच्या फाळक्यावर बसून चहा पीत होते. साखळीत सगळ्यात आधी जाऊन उभी राहिली ती कुकरवाली. म्हणाली, “माझा कुकर घरी गेला, आता तुमची शिट्टी वाजू दे.” भांडलेल्या शेजारणींना मोठीने मुद्दाम एकमेकींशेजारी उभं केलं. दोघी आधी खोकं नुसतंच देत-घेत होत्या, पण ‘आलं’ म्हटल्याशिवाय हात सुटत नाही, त्यामुळे एकीला बोलावंच लागलं. भाचा शर्टाच्या बाह्या दुमडून मध्ये उभा राहिला आणि त्याचा हात तालात बसत नव्हता, म्हणून मोठीने त्यालाही दंडाला धरून बाजूला केलं. ते त्याने हसून घेतलं. पुढे नवा नियम त्यानेच बसवला: दिवसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या आणि काकूने थप्पी सरळ आहे म्हटलं, की सगळ्यांनी घरी जायचं, वेळ झाली असो वा नसो. मोजणं राहिलं, पण गाडीचं. एकेकीचं नाही. झाकणं सोनिवलीच्या पोरांनी खेळायला नेली. पुढच्या महिन्यासाठी आणलेला कुकर गोडाऊनमध्येच राहिला, आणि वर्षभराने खंडेनवमीला शेडची पूजा झाली तेव्हा त्यात प्रसादाचे चणे शिजले. आई त्या गोडाऊनमध्ये बरीच वर्षं होती. भाचा नव्या आलेल्या मुलींना सांगायचा, आधी लास्टवालीकडे जाऊन उभ्या राहा, मग बाकीचं.

पण हे सगळं नंतरचं.

लाइन लावणार कोण, असं शेठनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी केबिनच्या दारात उभी होते. समोर बायका गाडीभोवती विखुरलेल्या, हातात एकेक खोकं, आमच्याकडे बघत थांबलेल्या. रस्त्यावर हॉर्न चालूच होता. आई पार टोकाला, पाठमोरी, एक वाकडं खोकं दोन्ही हातांनी सरळ करत होती. तिच्यापर्यंत माझा आवाज कधी पोचला नव्हता. मला सांगायचं असलं की मी चालत जायचे आणि हळूच काकू म्हणायचे.

या वेळी मी चालत गेले नाही. काकू हा शब्द ओठांवर आला होता, तो तिथेच राहिला. शाळेत स्टेजवर एक कविता मला चार ओळींच्या पुढे म्हणता आली नव्हती. तो सगळा न निघालेला आवाज मी कुठे ठेवला होता ते मला त्या दिवशी कळलं. शेडच्या पत्र्यावरून तो परत माझ्याकडे आला, इतका मोठा.

“आई, साखळी लाव.”